जुनी गाडी, विक्रीकर आणि आरटीओची खिडकी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा मला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही शांकरभाष्य सोडून आरटीओवर बोलणार?" मी म्हटलं, हो बाबा, कारण शांकरभाष्याने माझं आजवर काही नुकसान केलेलं नाही. जुन्या गाडीने तेहेतीस हजार तीनशे रुपयांचं केलं. (हशा)

तेव्हा आधी तो किस्सा. २०२५ च्या जानेवारीत मी माझी गाडी विकली. २०१३ साली घेतलेली, एमएच-०५ पासिंगची छोटी गाडी. गुडघे दुखायला लागले, पंचाहत्तरी जवळ आली, आणि डोंबिवलीत गाडी लावायला जागा शोधणं हा आता तरुणांचा खेळ झालाय. एका एजंटाने घरी येऊन गाडी पाहिली, बॉनेट उघडून दोनदा मान हलवली आणि १,८५,००० वर सौदा ठरला. चहा झाला. पैसे देताना मात्र तो म्हणाला, "काका, आता नवीन नियम आलाय. जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी. पेपरात वाचलं असेलच तुम्ही." मी वाचलं होतं, हेच दुर्दैव. १,८५,००० चे १८ टक्के म्हणजे ३३,३००. तेवढे त्याने कापले आणि १,५१,७०० माझ्या हातात ठेवले. दोन फॉर्मवर सह्या घेतल्या, आणि गाडी गेली.

त्याच सुमारास माझ्या भाचीचा फोन आला. ती न्यू जर्सीत एडिसनला असते. तिनेही जुनी गाडीच घेतली होती, शेजारच्या गल्लीतल्या एका गृहस्थाकडून, ९,००० डॉलरला. मध्ये दुकानदार नाही, एजंट नाही. पण नावावर करायला गेली तर तिथल्या मोटार वाहन कार्यालयात तिच्याकडून ६.६२५ टक्के विक्रीकर घेतला, ५९६ डॉलर आणि वर काही सेंट. तिचा प्रश्न असा: "मामा, त्या माणसाने नवी घेताना कर भरलाच होता. तीच गाडी. मग मी पुन्हा का?"

मी तिला सांगितलं, इथेही तसंच आहे, माझेही आत्ताच कापले. आणि मग वाटलं, आपण तत्त्वज्ञानाचे डॉक्टर, चाळीस वर्षं पोरांना 'गृहीतक तपासा' म्हणून सांगत आलो. हे आपण तपासलं का? नव्हतं तपासलं. तेव्हापासून जे वाचत गेलो ते आज तुमच्यासमोर ठेवतो. मी वकील नाही, सीएही नाही. समोर दोन-तीन सीए बसलेले दिसतायत, त्यांनी चूक झाली तर तिथेच थांबवावं.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. गाडी विकली जाते ती नेमकी कधी? माझ्या बैठकीच्या खोलीत चहा पिताना, की आरटीओत नाव बदलतं तेव्हा? बहुतेक लोक म्हणतील, आरटीओत. कायद्याचं उत्तर वेगळं आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे किंमत ठरली, मालकी द्यायची असं दोघांचं ठरलं, की विक्री होते. आरसी बुक हा मालकीचा दस्तऐवज नाही. गाडी कोणाच्या नावाने नोंदलेली आहे एवढंच ते सांगतं. 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे काय, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, आणि शेवटी 'रथ' हे एक व्यवहाराचं नाव ठरतं. आरटीओचं तसंच आहे. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे चासी नंबर, इंजिन नंबर आणि त्याला जोडलेलं एक नाव.

म्हणजे क्षण दोन आहेत. एक व्यवहाराचा, एक नोंदणीचा. विक्रीकर हा पहिल्या क्षणावरचा कर. रस्ता वापरण्याबद्दल गाडीवर बसतो तो मोटार वाहन कर, तो दुसऱ्या क्षणाशी बांधलेला. आपल्या राज्यघटनेच्या राज्यसूचीतही या दोन वेगळ्या नोंदी आहेत: मालाच्या विक्रीवरचा कर ५४ क्रमांकाला, वाहनांवरचा ५७ ला. माझ्या भाचीच्या राज्यात हे दोन क्षण एकाच खिडकीत गाठले जातात. आपल्याकडे ते वेगळे राहिले. का वेगळे राहिले, याला इतिहास आहे, आणि गंमत म्हणजे तो मोटारीपासूनच सुरू होतो, नागपुरात.

साल १९३८. मध्य प्रांत व वऱ्हाड, राजधानी नागपूर. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळालेली, काँग्रेसची मंत्रिमंडळं आलेली, आणि तिजोरीत खडखडाट. प्रांतांच्या यादीत एक ओळ होती, मालाच्या विक्रीवर कर लावण्याचा अधिकार. ती ओळ आजवर कोणी नीट वापरली नव्हती. नागपूरच्या विधिमंडळाने १९३८ चा चौदावा कायदा केला: मोटारीचं पेट्रोल आणि वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर ५ टक्के कर. दिल्लीच्या केंद्र सरकारने हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, पेट्रोलवर अबकारी आम्ही घेतो, हा विक्रीकर म्हणजे दुसऱ्या नावाने अबकारीच आहे, आणि अबकारी आमचा अधिकार.

हे प्रकरण गव्हर्नर जनरलने फेडरल कोर्टाकडे मत मागण्यासाठी पाठवलं. नव्यानेच स्थापन झालेलं कोर्ट, आणि त्याच्यापुढचं हे पहिलंच मोठं काम. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सोबत शाह मुहम्मद सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर. डिसेंबर १९३८ मध्ये त्यांनी मत दिलं: प्रांताचा कायदा वैध. अबकारी हा वस्तू बनवण्यावरचा कर. विक्री ही त्यानंतरची, वेगळी घटना. तिच्यावर प्रांत कर लावू शकतो.

मला स्वतःला हा निकाल फार आवडतो, आणि त्याचं कारण कराशी संबंधित नाही. वस्तू तीच असते, पेट्रोल तेच, पण तिच्या आयुष्यातले क्षण वेगवेगळे, आणि प्रत्येक क्षणावर वेगळ्या सत्तेचा हक्क. बनली, विकली गेली, वापरली गेली. न्यायाधीशांनी वस्तूकडे न पाहता घटनेकडे पाहिलं. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला. मुंबई प्रांतात तो १९४६ मध्ये आला. पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा झाला, १ जानेवारी १९६० ला लागू झाला, आणि चारच महिन्यांत महाराष्ट्र राज्य जन्माला आलं. राज्याचं नाव बदललं, कायद्याचं नाव मुंबईच राहिलं, तब्बल २००५ पर्यंत.

आता मुद्द्याची जागा. घटनेतल्या मूळ नोंदीत 'व्यापाऱ्याने केलेली विक्री' असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. नुसतं मालाची विक्री किंवा खरेदी. तुम्ही तुमचं जुनं कपाट शेजाऱ्याला विकलंत, तर तीही विक्रीच. मनात आणलं असतं तर राज्याला त्यावरही कर घालता आला असता. पण १९५९ च्या कायद्याने कर देण्याची जबाबदारी कोणावर टाकली? डीलरवर, म्हणजे या राज्यात मालाच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्यावर. गृहस्थाला त्याने सोडून दिलं.

यात परोपकार फारसा नव्हता. हिशेब होता. दुकानदाराकडे वह्या असतात, पाटी असते, नोंदणी क्रमांक देता येतो. घराघरातल्या कपाटांचा हिशेब कोण ठेवणार? पण केवळ सोय म्हणूनही मी हे बाजूला सारणार नाही, कारण हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या दारात शुल्काध्यक्ष व्यापाऱ्याच्या मालावर शुल्क घेतो. पण लग्नाचं सामान, यज्ञाचं, बाळंतपणाच्या विधीचं सामान तिथून शुल्काशिवाय जाऊ द्यावं, असं तिथेच सांगितलंय. दोघांच्या गाडीवर लादलेला माल सारखाच असेल. फरक आहे तो कशासाठी चाललाय यात.

आता 'धंदा' म्हणजे काय, यावर कज्जे होणारच. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे अहमदाबादच्या एका कापड गिरणीचं प्रकरण आलं, रायपूर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं. गिरणीने भंगारात काढलेली जुनी यंत्रं आणि सामान विकलं होतं. गिरणी व्यापारी आहे यात शंका नाही, पण ती कापडाची व्यापारी. नको झालेलं यंत्र विकल्याने ती यंत्रांची व्यापारी होते का? कोर्ट म्हणालं, नाही. त्या मालाचा धंदा करण्याचा हेतू दिसला पाहिजे. नंतर राज्यांनी धंद्याच्या व्याख्या रुंद करून, धंद्याला लागून होणारे असे व्यवहारही पुष्कळ प्रमाणात आत घेतले. गिरण्या आत आल्या. पण निवृत्त प्राध्यापक, ज्याचा धंदाच नाही, तो बाहेरच राहिला.

कोणी म्हणेल, जुनी गाडी तोट्यातच विकली जाते, त्यात सरकारने कर तो काय घ्यावा, म्हणून गृहस्थाला सोडलं. हे खरं नाही, आणि ते खरं नाही हे डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको. कल्याण-शीळ रस्त्यावरची प्रीमियर कंपनी आठवते ना? आता तिथे टॉवर उभे राहतायत आणि 'प्रीमियर मैदान' हे नाव तेवढं सभांपुरतं उरलंय. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मुख्य कारखाना कुर्ल्याला, फियाट तिथे बनायची, हीच पुढे पद्मिनी झाली. आपल्या इकडच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ निघत असे. इथल्या कित्येक घरांतली माणसं त्या कंपनीत होती, सभागृहातही असतील.

तर त्या फियाटच्या काळात नवी गाडी नंबर लावून मिळायची, आणि नंबर यायला वर्षं लागायची. मोटारींच्या वाटप आणि विक्रीवर १९५९ चा नियंत्रण आदेश होता, स्कूटरवर १९६० चा. नवी गाडी हातात आली की ठरावीक मुदतीच्या आत ती परवानगीशिवाय विकायला बंदी. अशी बंदी का घालावी लागली? कारण वापरलेली गाडी नव्या गाडीच्या सरकारी किमतीपेक्षा महाग विकली जायची! ज्याला थांबायचं नव्हतं तो वर पैसे मोजायचा. म्हणजे त्या काळी गृहस्थ जुनी गाडी विकून चक्क नफा कमवत होता. आणि तरीही त्याच्यावर विक्रीकर नव्हता. नफा झाला म्हणून तो व्यापारी होत नव्हता. आयकरातही, घरगुती वापराची गाडी भांडवली मालमत्तेत धरत नाहीत, म्हणून तिथेही तो सुटायचा. ते आजही तसंच आहे. माझ्या एका सहकाऱ्याने स्कूटर विकून मुलीच्या लग्नाचा मांडव घातला होता, असं तो सांगायचा. त्यातलं किती खरं ते तोच जाणे.

इथवर ठीक. घरातून घरात जाणारी गाडी, विक्रीकर नाही. मग विक्रीकर आणि आरटीओची खिडकी यांची गाठ आपल्याकडे कधी पडलीच नाही का? पडली, पण राज्याच्या हद्दीवर.

विक्रीकर राज्याचा असल्यामुळे दर राज्याराज्यांत वेगळे. पालघरच्या पुढे थोडं गेलं की दमण. केंद्रशासित प्रदेश, कर कमी. गाडी ही अशी वस्तू आहे की ती स्वतःच्या चाकांवर घरी येते! मग लोकांनी काय करावं? तिकडे गाडी घ्यावी, तिकडचा कमी कर भरावा, आणि चालवत मुंबई-ठाण्याला आणावी. महाराष्ट्राचा विक्रीकर बुडाला, कारण विक्री महाराष्ट्रात झालीच नाही. इथला विक्रेता दुकान उघडून बसलेला, आणि गिऱ्हाईक दमणला.

यावर महाराष्ट्राने १९८७ मध्ये कायदा केला. नाव लांबलचक, मोटार वाहनांच्या स्थानिक क्षेत्रातील प्रवेशावरील कराचा. युक्ती अशी: विक्री आमच्याकडे झाली नसेल, पण गाडी तर आमच्या क्षेत्रात आली ना? मग प्रवेशावर कर. आणि तो भरल्याची खात्री झाल्याशिवाय आरटीओने नोंदणी करू नये. ही ती गाठ. तिकडे विक्रीकर भरला असेल तर तेवढी वजावट द्यायची, म्हणजे फरकच वसूल व्हायचा. आणि एक महत्त्वाची सवलत: परराज्यात नोंदणी होऊन पंधरा महिने किंवा जास्त झालेल्या गाडीला हा कर नाही.

हे पंधरा महिने काय सांगतात? कायद्याला खरी जुनी गाडी आणि सोंग घेतलेली नवी गाडी यांत फरक करायचा होता. बदली होऊन आलेला माणूस तीन वर्षं वापरलेली गाडी घेऊन येतो, त्याला जाऊ दे. पण नुसतं तिकडचं पासिंग करून, जुनी म्हणून लगेच इकडे आणतो, त्याला अडव. जुनेपणा हाही कायद्याने मोजायचाच. आमच्या शास्त्रात याला मर्यादा घालणं म्हणतात. ती रेषा चौदाव्या महिन्यावर का नाही, असं विचारलं तर उत्तर नसतं, पण रेषा तर हवीच.

आता गंमत पाहा. अमेरिकेत हीच गोष्ट बावन्न वर्षं आधी घडली होती. मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, तिथल्या राज्यांनी एकामागून एक विक्रीकर आणले. वॉशिंग्टन राज्याने १९३५ मध्ये आणला. शेजारच्या ओरेगनमध्ये तेव्हाही विक्रीकर नव्हता, आजही नाही. म्हणजे ओरेगन हे त्यांचं दमण! वॉशिंग्टनने विक्रीकराच्या जोडीला 'वापरकर' लावला: बाहेरून आणलेली वस्तू आमच्या राज्यात वापरलीत तर २ टक्के, बाहेर कर भरला असेल तर तेवढी वजावट. १९३७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, निकाल न्यायमूर्ती कार्डोझो यांचा. प्रकरण मोटारीचं नव्हतं, ग्रँड कूली धरणासाठी आणलेल्या यंत्रसामग्रीचं होतं, पण तर्क तोच.

तिथून पुढे त्यांनी एक पाऊल जास्त टाकलं, जे आपण टाकलं नाही. तिथेही गृहस्थाने क्वचित केलेली विक्री करमुक्तच असते. अंगणात जुनं सामान मांडून विकतात, त्यावर सहसा कोणी कर मागत नाही. पण बहुतेक राज्यांनी या सवलतीतून मोटारी वगळल्या. कारण काय? खुर्ची विकली तर ती कुठेच नोंदवावी लागत नाही. गाडी खिडकीवर यावीच लागते, नाहीतर रस्त्यावर चालवता येत नाही. माणूस समोर उभा आहे, कागद त्याच्या हातात आहे, मग घ्या कर. न्यू जर्सीत विक्रीकर १९६६ मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला, आज तो ६.६२५ आहे. भाचीच्या प्रश्नाला हे उत्तर: कर गाडीवर नाहीच, प्रत्येक विक्रीवर आहे. गाडी तीच, पण विक्री नवी. पूर्वीच्या मालकाने भरलेला कर त्याच्या खरेदीचा. तर्काला धरून आहे. न्याय्य आहे का? मला वाटत नाही. जो गरीब माणूस आठव्या हाताची गाडी घेतो, तो त्या गाडीवर बसलेला आठवा कर भरतो. पण तिथे निदान एक गोष्ट स्वच्छ आहे: कर कोणी भरला, किती भरला, कुठल्या खिडकीत भरला, हे कागदावर असतं. माझ्या ३३,३०० रुपयांचं तसं नाही. तिकडे आता येतो.

आपल्या आरटीओच्या खिडकीत गृहस्थ काय भरतो? महाराष्ट्रात खासगी गाडीवर एकरकमी मोटार वाहन कर आहे, नवी घेताना. १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. २०१७ पूर्वी तो ९ होता. जीएसटी आला, जकात गेली, आणि राज्याने हा हातात उरलेला कर वाढवला. मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा पाहिलेल्यांना ते आठवेल. पण तीच गाडी राज्यातल्या राज्यात दुसऱ्याच्या नावावर झाली की हा कर पुन्हा लागत नाही. लागते ती हस्तांतरणाची फी, आणि काही थकलेलं असेल तर ते. परराज्यातली गाडी कायमची आणलीत तर वयाप्रमाणे इथला कर भरावा लागतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर नंबरही इथला घ्यावा लागतो. प्रवेशकर मात्र जीएसटीबरोबर इतिहासजमा झाला. घटनेतली त्याची नोंदच काढून टाकली गेली.

आता जीएसटी. १ जुलै २०१७ ला विक्रीकराचा वारस, म्हणजे व्हॅट, बहुतेक मालावरून गेला आणि हा आला. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला. नव्या गाडीवर पूर्ण कर बसलेला. गृहस्थाने ती विकली, व्यापाऱ्याने घेतली आणि पुन्हा विकली; आता पूर्ण किमतीवर पुन्हा कर लावला तर कोणी दुकानातून जुनी गाडी घेणारच नाही. म्हणून कर ठेवला तो फक्त व्यापाऱ्याच्या मार्जिनवर, म्हणजे घेतल्या आणि विकल्या किमतीतल्या फरकावर. जानेवारी २०१८ मध्ये दर ठरले, मोठ्या गाड्यांना १८ टक्के, छोट्यांना १२.

२१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. तिथे ठरलं, छोट्या गाड्या आणि विजेवरच्या जुन्या गाड्या, सगळ्यांना एकच दर, १८. बाकी काही बदललं नाही. कर मार्जिनवरच, आणि नोंदणीकृत व्यापाऱ्यानेच भरायचा. त्याच बैठकीत पॉपकॉर्नवरच्या कराचा खुलासा झाला, खारे पॉपकॉर्न वेगळे आणि कॅरॅमलचे वेगळे, आणि देशभर दोन दिवस तोच विनोद चालला. पॉपकॉर्नच्या गलबल्यात गाडीच्या बातमीतला 'मार्जिन' हा शब्द कुठेतरी सांडला. लोकांच्या फोनवर पोचलं ते एवढंच, जुन्या गाडीवर १८ टक्के. बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकली तर तीन लाखांच्या तोट्यावर कर भरायचा, असे संदेश फिरू लागले. सरकारला खुलासा करावा लागला. मार्जिन उणे असेल तर कर नाही. नोंदणी असलेल्या व्यवसायाने गाडीवर घसारा घेतला असेल तर विक्रीची किंमत आणि घसारा जाऊन उरलेली किंमत यांतला फरक धरायचा. आणि नोंदणी नसलेल्या माणसाला या कराशी देणंघेणं नाही.

मी या तिसऱ्या वाक्यातला माणूस. (मागून प्रश्न: "सर, मग एजंटाने भरला असेल ना तो जीएसटी?")

बरोबर जागी बोट ठेवलंत. एप्रिलमध्ये माझ्या फोनवर संदेश आला, खालापूर टोल, तुमच्या फास्टॅगमधून पैसे वळते. गाडी विकून तीन महिने झालेले! फास्टॅग बंद करायचा मी विसरलो होतो, ती चूक माझी. एजंट फोन उचलेना. चार दिवसांनी बदलापूरहून एका तरुणाचा फोन आला, गाडीची दुसरी किल्ली आहे का विचारायला. माझा नंबर त्याला गाडीतल्या जुन्या सर्व्हिसच्या कागदावर मिळाला. बोलता बोलता कळलं, त्याने गाडी २,३०,००० ला घेतली. मी विचारलं, एजंटाकडून? तो म्हणाला, "नाही काका, कागदावर तर तुमच्याकडूनच घेतलीय."

हे ऐकून मी खुर्चीत बसलो. मी सह्या केलेले ते दोन फॉर्म म्हणजे २९ आणि ३०, ज्यांना आपण टीटी फॉर्म म्हणतो. त्यात घेणाऱ्याचं नाव कोरं होतं. एजंटाने गिऱ्हाईक मिळेपर्यंत ते कपाटात ठेवले, मग बदलापूरच्या तरुणाचं नाव घातलं. आरटीओच्या लेखी एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाला गाडी विकली. मध्ये कोणी नव्हतंच!

आणि हे काही २०२५ चं शहाणपण नाही. विक्रीकर व्यापाऱ्यावर आहे, गृहस्थावर नाही, हे ज्या दिवशी ठरलं त्या दिवसापासून जुन्या गाड्यांच्या धंद्यात व्यापाऱ्याने अदृश्य व्हायचं हा शहाणपणा झाला. व्हॅटच्या काळात महाराष्ट्रात जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी सवलतीची योजनाही होती, जे उजेडात धंदा करत त्यांच्यासाठी. बाकीच्यांना कोरा टीटी फॉर्म पुरे होता. आपला कायदा दोन क्षण वेगळे ठेवतो असं मी मघाशी कौतुकाने सांगितलं. त्या दोन क्षणांमधल्या फटीत हा माणूस उभा असतो.

या फटीची किंमत विकणारा मोजतो, आणि ती फक्त पैशांची नसते. मध्यंतरीच्या काळात गाडीने कोणाला उडवलं तर? २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच भरपाईपुरता मालक. त्या गाडीचे हात तीन-चारदा बदलले होते, नाव पहिल्याचंच राहिलं होतं, आणि भरपाई त्याच्यावर आली. म्हणजे विक्री खोलीत झाली हे खरं, पण अपघाताच्या वेळी कायदा खिडकीकडे पाहतो. माझी गाडी तीन महिने कुठे फिरत होती, मला माहीत नाही. त्या तीन महिन्यांचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी सूचना पोर्टलवर द्यायची, आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी त्याची. म्हणजे मधल्या माणसाला कागदावर आणायचं. माझ्या एजंटाकडे असं अधिकारपत्र होतं का, हे मी विचारलंच नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

आता हिशेब, आणि मग प्रश्न घेऊ. समजा तो नोंदणीकृत व्यापारी होता आणि त्याने सगळं नियमाने केलं असतं. घेतली १,८५,००० ला, विकली २,३०,००० ला. मार्जिन ४५,०००. त्यावर १८ टक्के म्हणजे ८,१००, आणि तेही त्याने त्याच्या खिशातून भरायचे. आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर मालाच्या व्यापाऱ्याला आपल्याकडे सहसा नोंदणीची सक्तीही नाही, मग तेही नाहीत. त्याने माझ्याकडून घेतले ३३,३००, जीएसटीच्या नावाने, आणि कागदावर तो नव्हताच, म्हणजे सरकारला त्यातला रुपयाही गेला नाही. मी त्याच्याकडे पावती मागितली असती, नुसता जीएसटी क्रमांक घातलेली पावती, तर तिथेच विषय संपला असता. मी त्याला बिस्किटं दिली.

भाचीला मी परत फोन करून सांगितलं की आपल्याकडे तसं नाही, मी चुकीचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे मामा, मी कायद्याने भरला आणि तू विनाकारण." मी म्हटलं, हो.

ती दुसरी किल्ली मी बदलापूरला कुरिअरने पाठवली. आता प्रश्न. मागच्या रांगेतल्या सीए साहेबांनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांना माइक द्या.